बर्लिनमध्ये रोज ऑफिसला जायला उभ्याने चालवायची ई-स्कूटर घ्यावी की ई-सायकल?

ऑफिस एका बाजूला आठेक किलोमीटर असेल, तर डोळे झाकून ई-सायकल घ्या. उभ्या स्कूटरची चाकं इवलीशी, साधारण 8 ते 10 इंचांची. ट्रामच्या रुळात किंवा ओल्या दगडी फरसबंदीवर अडकली की माणूस थेट पुढे! सायकलचं मोठं चाक तेच खड्डे पचवतं.

नियमही बघा. जर्मनीत स्कूटरला ताशी 20 किमीची मर्यादा, शिवाय विमा सक्तीचा. सायकलची मोटर 250 वॉटपर्यंतची, पेडल मारतानाच आणि 25 किमी वेगापर्यंतच साथ देणारी असेल, तर ना सक्तीचा विमा, ना लायसन्स. फूटपाथवर दोन्हींना मनाई.

स्कूटरचा खरा फायदा म्हणजे घडी घालून मेट्रोत नेता येणं. पण बॅटरी पेटण्याच्या भीतीने बर्लिनची सार्वजनिक वाहतूक चालवणाऱ्या बीव्हीजी कंपनीने 2024 पासून मेट्रो, ट्राम, बसमध्ये स्कूटर न्यायला बंदी केली. निम्मी हवा तिथेच गेली.

घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही? स्कूटरही काही फुलासारखी हलकी नसते, 15-20 किलो सहज भरते. काढता येणारी बॅटरी असलेली सायकल घ्या; बॅटरी वर, सायकल खाली. कुलूप मात्र दणकट हवं, तिथे पैसे वाचवू नका.