गियर पडत नाही म्हणून लगेच गियरबॉक्स उघडू देऊ नका

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि उत्तर लिहायला बसलो. द्राक्षबागेतला 15 एचपीचा ट्रॅक्टर, पहिला आणि रिव्हर्स टाकताना खर्रकन वाजतो, इंजिन चालू असताना गियर पडतच नाही, बंद केल्यावर मात्र सगळे अलगद पडतात. शोरूमवाले म्हणतात दात गेलेत, ट्रॅक्टर मधोमध सोडवून गियर बदलावे लागतील. आमच्याकडे अक्षर न् अक्षर हेच झालं होतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय. इंजिन बंद असताना सगळे गियर पडतात ना? मग फोर्क (गियर सरकवणारा काटा), लिव्हर, गियर सरकायचा रस्ता, बहुतेक सगळं ठीक आहे. चालू इंजिनावर वाजतं याचा अर्थ क्लच पूर्ण दाबूनही क्लचप्लेट फ्लायव्हीलपासून (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकापासून) सुटत नाही आणि गियरबॉक्सचा शाफ्ट फिरतच राहतो. आपल्या छोट्या ट्रॅक्टरांत बऱ्याचदा स्लायडिंग मेश गियर असतात, म्हणजे दाते असलेला गियरच सरकून दुसऱ्यात बसतो. शाफ्ट फिरत असेल तर दाते एकमेकांवर आपटणारच. आजार क्लचचा, आवाज तेवढा गियरबॉक्समधून येतो.

खात्री करून घ्या. सपाट मोकळी जागा, समोर कोणी नाही, ब्रेकवर पाय तयार. इंजिन चालू, न्यूट्रल, क्लच तळापर्यंत दाबा आणि पाच-सहा सेकंद थांबून मग रिव्हर्स टाका. एवढं थांबूनही खर्र वाजलं तर प्लेट सुटत नाही. दुसरं, बंद ट्रॅक्टर गियरमध्ये टाका, क्लच दाबूनच स्टार्टर मारा. ट्रॅक्टर पुढे सरकू बघत असेल तर विषय संपला. (तुमच्या मॉडेलला न्यूट्रलशिवाय स्टार्ट न होणारा स्विच असेल तर हे जमणार नाही, आणि स्विच बायपास करून तर अजिबात करू नका.)

आमच्या वेळी शोरूमच्या वर्कशॉपने यातलं एकही करून पाहिलं नाही. मेकॅनिकने एकदा गियर टाकला, आवाज ऐकला आणि ‘गियर गेले’ म्हणून सांगितलं. ऑक्टोबर छाटणी होऊन बाग फुलोऱ्यात, वरून परतीचा पाऊस. डाऊनीच्या (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाच्या) त्या दिवसांत ट्रॅक्टरवरचा फवारणीचा ब्लोअर उभा राहिला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. ट्रॅक्टर दोन तुकडे करून वर्कशॉपमध्ये पडला. पार्ट येतोय, उद्या येतोय, मेकॅनिक रजेवर. आम्ही दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने लावून, तो रिकामा होईल त्या वेळेला, कधी रात्रीसुद्धा फवारण्या केल्या. वॉरंटी मागितली तर म्हणे गियर झिजण्याच्या यादीत येतात. जुने गियर दाखवा म्हटलं तर ‘भंगारात गेले’. जॉबकार्डावर एकच ओळ, ‘गियरबॉक्स रिपेअर’. कंपनीच्या वरच्या ऑफिसला फोन केला की ते डीलरशी बोला म्हणायचे आणि डीलर वरच्या ऑफिसकडे बोट दाखवायचा. ट्रॅक्टर घरी आला आणि आवाज होता तस्साच. त्यावर उत्तर काय, तर नवे गियर आहेत, बसायला वेळ लागेल. गियरचे दाते असे वाजवून वाजवून बसत नसतात, झडतात! आजही हे लिहिताना राग येतो, कारण बिल भरूनही मूळ दोष होता तिथेच होता.

तो दोष सापडला गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याला. तो ट्रॅक्टरखाली आडवा झाला आणि मला म्हणाला, पेडल हळूहळू दाबत राहा. वर पेडल निम्मं खाली गेलं तरी खाली क्लच हौसिंगच्या (क्लचच्या आवरणाच्या) बाजूचा आर्म हललेलाच नव्हता. पेडलपासून आर्मपर्यंत जो रॉड जातो, त्याच्या टोकाची पिन काढली तर तिच्या मधोमध नख अडकेल एवढी खाच पडलेली, आणि आर्मचं गोल भोक लांबट झालेलं. पेडलची निम्मी चाल तिथेच वाया जात होती. नवी पिन, भोकाला बुश, रॉडचा लॉकनट सैल करून सेटिंग, पेडलच्या शाफ्टला ग्रीस. संध्याकाळपर्यंत गियर गुपचूप पडायला लागला.

पेडलची मोकळी चाल, म्हणजे हाताने दाबून जोर लागायच्या आधीचं अंतर, बऱ्याच ट्रॅक्टरांना साधारण 20 ते 30 मिमी असते. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा पुस्तिकेत बघा, माझ्या आकड्यावर सेट करू नका. जास्त झाली तर प्लेट सुटत नाही, तुमच्यासारखं होतं. कमी झाली तर उलटं, क्लच घसरतो, ट्रॉली चढावर ओढताना इंजिन ओरडतं आणि ट्रॅक्टर रेंगाळतो. प्लेट झिजते तशी ही चाल आपोआप कमी होत जाते, म्हणून दर महिन्याला पट्टी लावून बघावी. आणि ड्रायव्हर पेडलवर पाय ठेवून चालवत असेल तर आधी त्याला थांबवा. रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) आणि प्लेट दोन्हीचं आयुष्य त्यातच जातं.

लिंकेज, म्हणजे पेडलपासून आर्मपर्यंतची जोडणी, ठीक निघालं, चाल बरोबर असूनही वाजतंय, तरच पुढचं. पावसाळ्यात उभा राहिला असेल किंवा प्रेशरने धुतला असेल तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते किंवा शाफ्टच्या खाचांवर (स्प्लाइनवर) सरकत नाही. फ्लायव्हीलमधलं, शाफ्टचं टोक धरणारं पायलट बेअरिंग जाम झालं तरी शाफ्ट फिरत राहतो. क्लच सोडवणाऱ्या फिंगर (छोटे दांडे) खालीवर झाल्या तरी तेच. यासाठी मात्र ट्रॅक्टर खोलावाच लागतो, पण गियरबॉक्सला हात न लावता. गियर चालता चालता निसटत असेल, विशेषतः उतारावर, तर गोष्ट वेगळी. तिथे लॉकची गोळी-स्प्रिंग, फोर्क किंवा दात खरोखर बघावे लागतात. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही.

क्लच हौसिंगच्या तळाला एक छोटं भोक असतं, चिखलाने बुजलेलं असतं ते तारेने मोकळं करा. तिथून काळं पातळ ऑईल टपकलं तर इंजिनाचं मागचं सील, जाड उग्र वासाचं आलं तर गियरबॉक्सच्या शाफ्टचं सील. काहीच न खोलता एवढं कळतं.

ऑईलबद्दलही सांगतो, कारण आम्हाला तिथेही फटका बसला. त्याच वर्कशॉपने आमच्या ट्रॅक्टरमध्ये साधं ईपी 90 (गियर ऑईल) भरून दिलं, ब्रेक ऑईलमध्ये बुडालेले असताना. ब्रेक किंचाळायला लागले. अशा ट्रॅक्टरला ब्रेक, गियर, हायड्रॉलिक सगळ्यांना चालणारं यूटीटीओ ऑईलच लागतं. कोरड्या ब्रेकवाल्या जुन्या मॉडेलना ईपी 90 चालतं, पुस्तिका बघा. ऑईल दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय, गियर लिव्हरचं रबर फाटलंय का आणि ब्रीदर (हवा जायचं भोक) बुजलाय का ते आधी तपासा. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर बारीक करडा लेप असणं नॉर्मल आहे. चकत्या किंवा दात्याचा तुकडा निघाला तर मी वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा, तेव्हा शोरूमवाले बरोबर असतील.

मी मेकॅनिक नाही, शेतकरी आहे, आणि ट्रॅक्टर न बघता लिहितोय. पण खोलायला द्यायचाच असेल तर जॉबकार्डावर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, ‘क्लच तपासला, चाल इतकी मिमी’ हे त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि जुने पार्ट परत मिळतील हे आधीच कबूल करून घ्या. उडवाउडवी केली तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोग, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, पण तक्रार 2 वर्षांच्या आत करावी लागते. स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेल्या ट्रॅक्टरचा मालकही कायद्याने ग्राहकच असतो, ‘हे व्यावसायिक वाहन आहे’ असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

उद्या सकाळी कोणालातरी पेडलवर बसवा, स्वतः खाली वाका आणि आर्म कधी हलतो ते बघा. मोकळी चाल किती मिमी भरली ते आणि मॉडेलचं नाव इथे टाका, तोवर शोरूमला होकार देऊ नका.