कॉमिक्स विकायला काढताय? आधी ठेवायच्या बाजूला काढा

प्रश्न : नमस्कार दादा. मी सेलूचा, जिल्हा परभणी. वय पन्नाशीच्या पुढं. लहानपणापासून जमवलेल्या कॉमिक्स आहेत माझ्याकडं, सहाशे-सातशे तरी निघतील. मराठी इंद्रजाल बऱ्याच, काही इंग्रजी, मग नागराज-ध्रुवच्या राज कॉमिक्स, चाचा चौधरी, अमर चित्र कथा, सगळं मिक्स. जुनं माळवदाचं घर पाडून स्लॅबचं बांधायलोय, तोवर भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचंय. घरचे म्हणायलेत अर्ध्या तरी काढून टाका. पैशाची लगेच नड नाही, पण बांधकाम म्हणलं की पैसा कितीही लागतो. एक मित्र म्हणतो थांब, भाव वाढायलेत. दुसरा म्हणतो आत्ताच वीक, पुढं कुणी विचारणार नाही. काय करू?
— एक वाचक, सेलू

उत्तर : दादा, तुमचे दोन्ही मित्र बरोबर आहेत, फक्त दोघं वेगवेगळ्या कॉमिक्सबद्दल बोलायलेत. अख्ख्या संग्रहाला 'आत्ता' किंवा 'नंतर' असं एकच उत्तर नसतं, म्हणून गठ्ठे सोडून बसावंच लागतं.

घर हलवायच्या आधी एक रविवार मोकळा ठेवा, सतरंजी अंथरा आणि सगळा माल खाली काढा. विकायच्या कोणत्या हे तेव्हा बघूच नका. ठेवायच्या कोणत्या तेवढ्याच उचला. भाव मनात आणू नका, हातात घेतली आणि परत वाचावीशी वाटली किंवा कुणी दिली होती, कुठून आणली होती ते आठवलं तर ती बाजूला. शंभर निघू देत नाहीतर दोनशे, त्या पेटीला नंतर कुणी कितीही पैसे देऊ केले तरी हात लावायचा नाही. हे मी एवढं जोर देऊन सांगतोय कारण बहुतेक लोक उलटं करतात. गिऱ्हाईक पटकन मिळतं म्हणून आधी सगळ्यात दुर्मिळ, सगळ्यात चांगल्या प्रती जातात, आठ दिवसांत संग्रहाचा जीव निघून जातो आणि कपाटात उरतं ते कुठंही मिळणारं. मग माणूस उरलेलंही काढून टाकतो, आणि दोन वर्षांनी त्याच कॉमिक्स दुप्पट भावानं शोधत फिरतो. असे लोक मी लई पाहिलेत.

ठेवायच्या निघाल्या की मग डबल प्रती. ह्यांच्यासाठी काहीच थांबायचं नाही, दोन्हीतली चांगली ठेवा, दुसरी काढा.

आता खरा प्रश्न, बाकीच्यांचं काय. इथं मी एकच गोष्ट बघतो, ती कॉमिक लहानपणी वाचलेला माणूस आज किती वयाचा आहे. जुनी कॉमिक विकत घेणारा बहुतेक वेळा स्वतःचं लहानपण घेत असतो. इंद्रजाल टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४ मध्ये सुरू केलं आणि १९९० ला बंद पडलं, आठशेच्या वर अंक निघाले. वेताळ, मँड्रेक, बहादूर ज्यांनी कोवळ्या वयात वाचले ते आज पंचेचाळीस ते सत्तरच्या घरातले. पोरं मार्गी लागली, काहींची पेन्शन सुरू झाली, आत्ता त्यांच्या हातात पैसाही आहे आणि वेळही. पंधरा वर्षांनी ह्यातले किती जण घेणारे राहतील आणि किती जणांची पोरं 'बाबांच्या कॉमिक्स विकायच्यात' म्हणून बाजारात उभी असतील, विचार करा. म्हणून इंद्रजालमधल्या ज्या तुमच्या पेटीत गेल्या नाहीत त्या येत्या दोन-चार वर्षांतच सोडाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. मराठी प्रतींना गिऱ्हाईक कमी, पण प्रतीही तशाच कमी उरल्यात, बहुतेक रद्दीत गेल्या. ज्याला नेमका तुमच्याकडचा नंबर हवाय तो चांगला भाव देतो, त्यामुळं मराठी इंद्रजालचा ढीग एकदम न देता नंबरांची यादी करून विका.

इंग्रजी इंद्रजालमधल्या वेताळच्या सुरुवातीच्या अंकांचं वेगळं आहे. वेताळ म्हणजेच इंग्रजीतला फँटम. त्याचे वेडे फक्त आपल्याकडं नाहीत, स्वीडन आणि ऑस्ट्रेलियात तर तो पिढ्यानपिढ्या वाचला जातो, ऑस्ट्रेलियात १९४८ पासून त्याची कॉमिक आजही निघते. तिकडचे संग्राहक भारतातले जुने अंकही शोधतात, बी. गोविंद यांनी रंगवलेल्या कव्हरसाठी तर मुद्दाम. ते अंक धड असतील तर थांबलात तरी चालेल.

राज कॉमिक्सचं गणित अजून निराळं. नागराज १९८६ चा, ध्रुव १९८७ चा. तो वाचलेली पोरं आज पस्तीस-पन्नाशीची, म्हणजे ऐन कमाईतली, त्यामुळं ह्यांची मागणी एवढ्यात संपत नाही. पण ह्यांचं रीप्रिंट जोरात चालूय. ज्याला फक्त गोष्ट वाचायचीय तो नवीन गुळगुळीत प्रत घेतो, तुमच्या जुन्या फाटक्या प्रतीकडं बघत पण नाही. उरतो तो पहिल्या छपाईचाच हट्ट धरणारा, आणि त्याला कव्हर स्वच्छ लागतं, पानं पूर्ण लागतात, आत फुकट आलेला स्टिकर असला तर तो माणूस खूश. तेव्हा चांगल्या स्थितीतल्या जपून ठेवा, घाई नको. चाचा चौधरी आणि अमर चित्र कथा अजून छापून येतात, त्यामुळं लई जुनी छपाई नसेल तर मोठी आशा ठेवू नका, भाच्या-पुतण्यांना वाचायला द्या.

वयानंतर कागद. तुमचं घर माळवदाचं, म्हणजे वर्षानुवर्षं वरून माती झरलेली असणार आणि वाळवीचीही भीती. एकेक प्रत मधोमध उघडून पिनेपाशी बघा. पीन गंजली की भोवतीचा कागद तांबूस होतो आणि पान तिथूनच सुटतं, आधी मधलं जोडपान, मग हळूहळू कव्हर. नंतर पानाचा कोपरा अगदी हलका वाकवा. वाकून परत सरळ झाला तर कागदात जीव आहे. कड् करून तुकडा हातात आला तर ती कॉमिक पाच वर्षं थांबणारी नाही, तिचा आज जो भाव आहे तोच तिचा सगळ्यात जास्त भाव. म्हणजे लोकांना वाटतं त्याच्या उलटं, खराब व्हायला लागलेली आधी विकायची आणि चांगली असेल तिला थांबवायचं. अर्थात खराब आहे हे फोटोसकट सांगून विकायची, लपवून नाही. जुन्या कॉमिक्स घेणारी मंडळी एकमेकांना ओळखतात, एकदा फसवलं की सगळीकडं नाव जातं.

आणि कृपा करून दुरुस्ती करू नका. सेलोटेप लावली की काही वर्षांत टेप सुटते पण तिचा पिवळा चिकट डाग कायमचा बसतो. कव्हरवरचं पेनानं लिहिलेलं नाव खोडरबरानं घासू नका, भाड्यानं कॉमिक्स देणाऱ्या दुकानाचा शिक्का असला तर असू द्या. पाच-दहा एकत्र शिवून बाइंडिंग केलेल्या असतील तर तशाच ठेवा, उसवताना पानं जातात. उन्हात तर अजिबात घालू नका, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात कागद पार पिवळा पडून जातो.

बांधकामाबद्दल एक, कारण हे कुणी सांगत नाही. नवीन स्लॅबला, भिंतींना भरपूर पाणी मारलेलं असतं आणि घर दिसायला कोरडं झालं तरी पहिला पावसाळा भिंती ओल सोडतात. राहायला गेलात की लगेच कॉमिक्सचं कपाट भिंतीला चिकटवू नका, एक पावसाळा जाऊ द्या, तोवर पेटी नातेवाइकाच्या कोरड्या खोलीत जमिनीपासून उंच ठेवलेली बरी.

विकायची वेळ म्हणाल तर काम सुरू व्हायच्या आधी तरी, नाहीतर काम संपल्यावर. मधे नाही. शनिवारी मिस्त्रीला पैसे द्यायचेत आणि शुक्रवारी रात्री तुम्ही कॉमिक्सचे फोटो टाकायलात, हे घेणाऱ्याला तुमच्या दोन मेसेजमधूनच कळतं आणि तो भाव पाडतो. नड नाही म्हणताय ना, मग हीच तुमची सगळ्यात मोठी ताकद आहे, ती घालवू नका. पाऊसकाळात पार्सल पाठवणंही टाळा, दिवाळीनंतरची कोरडी हवा ह्या कामाला उत्तम.

भाव ठरवताना ऑनलाइन कुणी काय *मागतंय* ते बघू नका, पाच हजाराची पाटी लावून तीन-तीन वर्षं पडलेल्या कॉमिक्स मी बघतो. प्रत्यक्षात कितीला *गेली* ते बघा, कॉमिक्स जमवणाऱ्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर बोली लागते तिथं महिनाभर नुसतं वाचत बसलात तरी अंदाज येतो. कधी हैदराबादला गेलात तर आबिड्सला रविवारी फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो, तिथं एक चक्कर मारा, कशाला किती गिऱ्हाईक आहे ते डोळ्यांनी दिसतं. 'सगळं उचलतो, एकच रक्कम सांगा' म्हणणारा येईलच. तो त्यातल्या वीस-पंचवीस प्रतींवर डोळा ठेवून आलेला असतो आणि रक्कम बाकीच्या ढिगाच्या हिशोबानं सांगतो. त्या वीस-पंचवीस आधी सुट्या विका, मग उरलेला ढीग त्याला खुशाल द्या. पैसे आधी खात्यावर, मग पार्सल. आणि पैसे *यायला* पिन टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, तसं कुणी सांगितलं की सरळ ब्लॉक करा.

प्रश्न : दादा मी बीडचा, वय २४, नोकरी नवीन आहे. रीप्रिंट आणि कलेक्टर एडिशन निघाली की दोन-दोन घेतो, एक वाचायला आणि एक पॅक तशीच ठेवतो, इन्व्हेस्टमेंट म्हणून. किती वर्षांनी विकल्या तर फायदा होईल?

उत्तर : भावा, दुसरी प्रत आत्ताच विकून टाक, आणि पुढची दुसरी प्रत घेऊच नको.

अमेरिकेत हे होऊन गेलंय. १९९२ मध्ये सुपरमॅन मरतो तो अंक आला, काळ्या पाकिटात बंद, लोकांनी पुढं सोनं होणार म्हणून पाच-पाच, दहा-दहा घेऊन न उघडता ठेवल्या. लाखो प्रती खपल्या आणि त्यातल्या लाखो आजही तशाच नव्याकोऱ्या आहेत, त्यामुळं भाव काही आला नाही. त्या सट्ट्याची हवा गेली तेव्हा कितीतरी दुकानं बंद पडली, मार्व्हलसारख्या कंपनीनंसुद्धा डिसेंबर १९९६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच सुपरमॅनचा १९३८ चा पहिला अंक, अ‍ॅक्शन कॉमिक्स नंबर १, त्याची एक प्रत २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेली. कारण १९३८ मध्ये ती कुणीच जपून ठेवली नव्हती, पोरांनी वाचून फाडली, युद्धाच्या काळात रद्दीत गेली.

तुझ्या कलेक्टर एडिशनवर 'कलेक्टर' छापलंय म्हणजे घेणारा प्रत्येक जण ती जपणारच. वीस वर्षांनी सगळ्यांकडं नवीकोरी असेल. नवीन नोकरीतला पैसा आहे, तो साठव. एक प्रत घे, मनसोक्त वाच, मित्रांना दे.

प्रश्न : नमस्कार. मी लातूरहून लिहितेय. माझे वडील दिवाळीत गेले. त्यांच्या ट्रंकेत जुने चांदोबा बाइंडिंग केलेले आणि बऱ्याच कॉमिक्स आहेत. भाऊ म्हणतो रद्दीवाल्याला देऊन टाकू, जागा अडलीय. मला विकायला जीव होत नाही पण ठेवायचं तरी कुठं. काय करावं?

उत्तर : ताई, वर्षश्राद्ध होईपर्यंत काहीच विकू नका. भावालाही हेच सांगा, प्रेमानं सांगा, त्यालाही त्या ट्रंकेकडं बघवत नसेल म्हणून तो घाई करत असेल. दुःखात घेतलेला असला निर्णय नंतर फार लागतो, आणि एका वर्षानं ह्या कागदाचं काही बिघडत नाही. ट्रंक फक्त दोन विटांवर किंवा पाटावर उचलून ठेवा, महिन्या-दोन महिन्यांनी उघडून कसर, झुरळं बघा. डांबरगोळ्या टाकल्या तर कापडी पुरचुंडीत, कागदाला टेकू देऊ नका.

रद्दीवाला किलोवर घेणार, तिथं मात्र कधीच देऊ नका. मराठी चांदोबा १९५२ पासून निघायचा, २०१३ च्या सुमारास सगळंच बंद झालं. नेटवर जुन्या अंकांचे स्कॅन फिरतात, त्यामुळं नुसतं वाचायला कुणी अडलेलं नाही, पण वर्षभराचे बारा अंक एकत्र बांधलेला खंड हातात हवा असणारे लोक आहेत. कॉमिक्सना बाइंडिंगनं भाव उतरतो, चांदोबाला तेवढा नाही, कारण तो घरोघरी असाच बांधून ठेवायची पद्धत होती.

वर्ष झालं की भावाला घरी बोलवा. आधी दोघांनी आपापल्याला हवं ते उचलायचं, नातवंडांसाठी काही काढायचं, त्यावर वाद घालायचा नाही. वडिलांनी पहिल्या पानावर नाव-तारीख लिहिली असेल तर ते खंड घरातच राहू द्या. उरलेलं दोघांच्या संमतीनं विका नाहीतर गावच्या वाचनालयाला द्या, पण आधी ग्रंथपालांना विचारून, कारण कॉमिक्स सगळेच घेत नाहीत आणि न विचारता दिलेलं पोतं तिथल्या जिन्याखाली पडून राहतं. तोपर्यंत एकच काम करून ठेवा, प्रत्येक खंडाचं वर्ष आणि प्रत्येक कॉमिकचा नंबर एका वहीत उतरवा आणि कव्हरचा फोटो काढा. ती यादी मला पाठवलीत तर त्यातलं रद्दीला चुकूनही जाऊ द्यायचं नाही असं काय आहे ते मी खूण करून कळवतो.