मुलगी पॉलिटिक्स घेते म्हणतेय, घेऊ द्यावं का?

"ताई, आम्हाला इंग्लंडमध्ये रीडिंगला येऊन 12 वर्षं झाली. लेक आता इयर 11 ला आहे. सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे पुढच्या दोन वर्षांच्या ए-लेव्हलला, मॅथ्स, इकॉनॉमिक्स आणि पॉलिटिक्स घ्यायचं म्हणते. आमचे हे म्हणतात, पॉलिटिक्स म्हणजे आपलं शाळेतलं नागरिकशास्त्र, त्यात शिकायचं काय, त्यापेक्षा फिजिक्स घे. रोज जेवताना हाच विषय निघतो आणि ती ताटावरून उठून जाते. मलाही वाटतं, पुढे याचा उपयोग काय? शिवाय आम्हाला इथलं राजकारण फारसं कळत नाही. अडलं तर घरी तिला सांगणार कोण? — एक आई"

तुमचं पत्र वाचून मला माझं स्वयंपाकघर आठवलं. 2017 साली माझ्या मुलानं हाच विषय घेतला तेव्हा आमच्याकडेही असंच चाललं होतं. त्यामुळे आज जरा सविस्तर लिहिते.

आधी फिजिक्सचं. तुमच्या लेकीच्या मनात खरोखर इंजिनिअरिंग असेल, तर मॅथ्सबरोबर बहुतेक ठिकाणी फिजिक्स लागतंच आणि तुमच्या मिस्टरांचं म्हणणं बरोबर आहे. मेडिसिन असेल तर बहुतेक ठिकाणी केमिस्ट्री लागतं. पण या दोन्हींपैकी काहीच तिच्या मनात नसेल, तर फिजिक्स फक्त तुमच्या समाधानासाठी होईल आणि तिची दोन वर्षं त्यात जातील. तिनं निवडलेली जोडी चांगली आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससारख्या (एलएसई) ठिकाणी इकॉनॉमिक्सच्या पदवीला ए-लेव्हलचं मॅथ्स लागतं, ते तिच्याकडे असेल. कायद्याला बहुतेक विद्यापीठं ठरावीक विषय मागत नाहीत, पण मुद्देसूद लिहिता येणारं मूल त्यांना हवं असतं. ऑक्सफर्डचा तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्राचा जोड अभ्यासक्रम तर याच वाटेवरचा आहे. तेव्हा तिला एकदा शांतपणे, जेवणाच्या ताटावर नव्हे, विचारा: 18 व्या वर्षी तुला काय शिकायला आवडेल? तिच्या उत्तरावरून तुम्हाला बरंचसं कळेल.

आता नागरिकशास्त्र. आपल्याकडे ते इतिहासाच्या पुस्तकाला मागे शेपटासारखं जोडलेलं असायचं. ग्रामपंचायतीचे सदस्य किती, राज्यसभेची मुदत किती, पाठ करा आणि लिहा. त्यात आपल्या घरांत 'राजकारण' हा शब्दच बदनाम. 'घरात राजकारण करू नकोस', 'त्या राजकारणात पडू नकोस' हे ऐकतच आपण मोठे झालो. म्हणून मुलगी पॉलिटिक्स म्हणाली की आपल्या डोळ्यांपुढे फ्लेक्स आणि मोर्चे उभे राहतात. हा विषय म्हणजे राज्यशास्त्र आहे, आणि तो सोपा नाही. एडेक्सेल आणि एक्यूए ही त्याची दोन मोठी बोर्डं. दोन्हींकडे दोन-दोन तासांचे तीन पेपर, तिन्ही दुसऱ्या वर्षाच्या, म्हणजे इयर 13 च्या शेवटी. ब्रिटनची शासनव्यवस्था, निवडणुका, पक्ष. शिवाय उदारमतवाद, समाजवाद, रूढिवाद यांसारख्या विचारधारा. आणि तिसरा भाग एक्यूएला अमेरिकेचा, तर एडेक्सेलला अमेरिका किंवा जागतिक राजकारण यांपैकी शाळा ठरवेल तो. तुमच्या शाळेत कोणतं बोर्ड आहे ते आत्ताच विचारून घ्या.

खरी अवघड गोष्ट आहे ती निबंधाची. ती मला माझ्या मुलाच्या वहीतून कळली, म्हणून तीच जवळून दाखवते.

पहिल्या सत्रात त्याला 30 मार्कांचा निबंध होता: वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या, निवडणुकीची पद्धत बदलावी का? इथे आपल्यासारखंच आहे, मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून येतो. मुलानं खूप वाचलं होतं. 2015 च्या निवडणुकीत यूकिप या पक्षाला सुमारे 39 लाख मतं आणि एकच जागा, तर स्कॉटिश नॅशनल पक्षाला साडेचौदा लाख मतं आणि 56 जागा, हे सगळं त्यानं आकडेवारीसकट लिहिलं. मार्क मिळाले 11. आणि समासात शिक्षकांनी प्रत्येक परिच्छेदापाशी एकच प्रश्न लिहिला होता: 'मग काय?' मुलगा रडकुंडीला आला. एकही माहिती चुकलेली नव्हती, मग मार्क गेले कुठे, असं मलाही वाटलं.

मार्क गेले होते ते मत न मांडल्यामुळे. या पेपरांत साधारण तिसरा हिस्सा मार्क माहितीला असतात, तिसरा हिस्सा त्या माहितीचा अर्थ लावण्याला आणि उरलेला तिसरा कोणता मुद्दा जास्त वजनदार आहे हे ठरवण्याला. पुढच्या खेपेला त्यानं तोच आकडा घेतला, पण असा: यूकिपची मतं देशभर पातळ पसरलेली होती आणि स्कॉटिश नॅशनलची एका प्रांतात दाट होती, म्हणजे ही पद्धत किती लोकांचा पाठिंबा आहे यापेक्षा ते लोक राहतात कुठे याला जास्त किंमत देते. मग समोरची बाजू: पण याच पद्धतीमुळे प्रत्येक भागाला स्वतःचा एक खासदार मिळतो, आणि 2011 च्या सार्वमतात पर्यायी पद्धत 68 टक्के लोकांनी नाकारली. मग त्यावर उत्तर: त्या सार्वमतात प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देण्याचा, पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच, तेव्हा तो कौल या पद्धतीच्या बाजूचा पुरावा म्हणून दुबळा आहे. आणि शेवटी स्वतःचा निष्कर्ष. त्या निबंधाच्या समासात 'मग काय?' एकदाही नव्हतं.

तुमची लेक हेच 2024 च्या आकड्यांवर करेल. लेबरला 33.7 टक्के मतं आणि 411 जागा, रिफॉर्म पक्षाला 14.3 टक्के मतं आणि 5 जागा, लिबरल डेमोक्रॅट्सना त्याहून कमी, 12.2 टक्के मतं आणि तरी 72 जागा.

आपल्या मुलांना हा विषय का जड जातो याचा मी खूप विचार केला आहे. पाठांतरात ती मागे नसतात. अडतं ते विरोधात बोलण्यात. मोठ्यांना उलटून बोलू नये, पुस्तकातलं खोडू नये, हे आपण त्यांना प्रेमानंच शिकवलेलं असतं. आणि इथे तर पुस्तकातलं खोडण्याचेच मार्क आहेत. म्हणून घरी एक बदल करा. बातम्या बघताना ती काही म्हणाली तर 'तुला काय कळतंय' असं म्हणू नका. 'असं का वाटतं? समोरचा काय म्हणेल?' एवढंच विचारा. आणि तिनं तुमच्या आवडत्या नेत्याबद्दल वाकडं काही म्हटलं, तरी ऐकून घ्या. आपल्याकडच्या वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांत आपण वर्षानुवर्षं हेच करत आलो आहोत. तीच सवय जेवणाच्या टेबलावर आणायची आहे.

आता तुमची शेवटची शंका, घरी सांगणार कोण. अहो, तुम्हीच. भारताची संसद वेस्टमिन्स्टरच्या धर्तीवर बेतलेली आहे. पंतप्रधान, सभापती, व्हिप, प्रश्नोत्तरांचा तास, वरिष्ठ सभागृह हे सगळं तुम्हाला ओळखीचं आहे. फक्त जिथे दोन्ही वेगळे होतात तिथे जपा, कारण नेमका तिथेच आपल्या मुलांचा पाय घसरतो.

सगळ्यात मोठा फरक राज्यघटनेचा. आपली घटना एका ग्रंथात लिहिलेली आहे. ब्रिटनची तशी एकत्र लिहिलेली नाही. आपल्याकडे 1973 च्या केशवानंद भारती खटल्यात, ज्यात मुंबईच्या नानी पालखीवालांनी युक्तिवाद केला, संसदेला घटनेची मूळ चौकट मोडता येणार नाही असं ठरलं. इथे संसद सर्वश्रेष्ठ. संसदेनं केलेला कायदा इथलं सुप्रीम कोर्ट रद्द करू शकत नाही. मानवी हक्कांच्या 1998 च्या कायद्याखाली ते फार तर 'हा कायदा हक्कांशी विसंगत आहे' असं जाहीर करतं. पुढे काय करायचं ते संसद ठरवते. 'कोर्टानं कायदा रद्द केला' हे वाक्य भारतीय घरांतल्या मुलांच्या निबंधात मी कितीदा तरी पाहिलं आहे. सरकारच्या कृतीचं मात्र वेगळं. सप्टेंबर 2019 मध्ये बोरिस जॉन्सन यांनी संसद पाच आठवडे स्थगित केली ती 11 न्यायमूर्तींनी एकमतानं बेकायदा ठरवली. तो सरकारनं राणीला दिलेला सल्ला होता, संसदेनं केलेला कायदा नव्हता. हा भेद तिला तुमच्याशी बोलता बोलता कळला, तर पेपरात ती तो विसरणार नाही.

दुसरा फरक व्हिपचा, आणि यावर तुमचे मिस्टर नक्की बोलतील, कारण महाराष्ट्रात 2022 पासून पक्षांतरबंदी, व्हिप आणि अपात्रता हे शब्द घराघरांत झाले आहेत. भारतात दहाव्या परिशिष्टामुळे व्हिप मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. इथे तसा कायदा नाही. 15 जानेवारी 2019 च्या रात्री आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो होतो. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा ब्रेक्झिट करार 432 विरुद्ध 202 असा पडला, आणि विरोधात मत देणाऱ्यांत त्यांच्याच पक्षाचे 118 खासदार होते. माझे यजमान म्हणाले, "आता यांची खासदारकी गेली." मुलगा म्हणाला, "नाही बाबा, इथे जात नाही." मग अर्धा तास तो आम्हाला समजावत होता, आम्ही प्रश्न विचारत होतो. त्या वर्षीची त्याची सगळ्यात चांगली उजळणी तीच झाली असं मी आजही मानते. जुलै 2024 मध्ये लेबरच्या सात खासदारांना पक्षानं सहा महिने बाहेर काढलं, कारण त्यांनी दोन मुलांपुरत्या मर्यादित भत्त्याच्या प्रश्नावर सरकारविरुद्ध मत दिलं. त्यांचीही खासदारकी कायम राहिली. बाबांना हे तिलाच विचारू द्या.

विचारधारांच्या भागातही आपल्या माणसांची वाट जाते. त्यात जॉन स्टुअर्ट मिल आहे. आपले आगरकर त्याच्याच लिखाणावर पोसले. एडेक्सेलच्या समाजवादाच्या धड्यात बिअ‍ॅट्रिस वेब आहेत. ज्या मंडळींनी 1895 साली एलएसई काढलं त्यांत त्या होत्या, आणि पुढे बाबासाहेब तिथेच शिकले. नोव्हेंबर 1948 मध्ये घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकेची अध्यक्षीय आणि ब्रिटनची संसदीय पद्धत शेजारी शेजारी ठेवली. एकीत स्थैर्य जास्त, दुसरीत उत्तरदायित्व जास्त, आणि आपण उत्तरदायित्व निवडतो आहोत, असा त्यांचा युक्तिवाद होता. अमेरिका आणि ब्रिटन यांची तुलना करणाऱ्या पेपराची तयारी म्हणून याहून चांगली चार पानं मला माहीत नाहीत. ते भाषण मराठीत किंवा इंग्रजीत काढून दोघी मिळून वाचा.

आणखी दोन-चार गोष्टी पटकन सांगते. जुनं पुस्तक घेऊ नका. माझ्या मुलाच्या पुस्तकात संसदेची मुदत ठरवणारा 2011 चा कायदा होता, तो 2022 मध्ये रद्द झाला. शिक्षक मुलांना कुठल्या पक्षाकडे ओढतील ही काळजीही नको: सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळांना राजकीय विषयांत दोन्ही बाजू मांडण्याचं बंधन 1996 च्या शिक्षण कायद्यानंच घातलं आहे. कॉमन्सच्या, म्हणजे इथल्या कनिष्ठ सभागृहाच्या, लायब्ररीची टिपणं इंटरनेटवर फुकट मिळतात. उदाहरणांसाठी ती सोन्यासारखी आहेत. आणि भारतीय पासपोर्टवर, कायदेशीर व्हिसावर इथे राहत असाल, तर तुम्हाला राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून इथल्या सार्वत्रिक निवडणुकीतसुद्धा मत देता येतं. कितीतरी मराठी घरांना हे माहीतच नसतं. नोंदणी करा. केंद्रावर ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. लेक 16 ची झाली की तिचंही नाव नोंदवता येतं. आईबाबा मत द्यायला निघालेले तिनं पाहिले, तर पुस्तकातलं प्रकरण तिच्यासाठी नुसतं प्रकरण राहणार नाही.

निर्णयाची घाई मात्र नको. जीसीएसईचे, म्हणजे इयर 11 च्या परीक्षेचे, निकाल ऑगस्टमध्ये लागतात, आणि प्रवेशाच्या वेळी बहुतेक शाळा विषय बदलू देतात. इंग्रजी आणि इतिहासाला तिला कसे मार्क पडतात ते बघा; या विषयाला त्या दोन्हींचा हात लागतो.

तोवर सुट्टीतला एक दिवस काढून तिला लंडनला घेऊन जा, आणि तुमच्या मिस्टरांनाही. पार्लमेंट स्क्वेअरला सुप्रीम कोर्ट आहे. सुनावणी असेल तर आत बसून ऐकता येतं, पैसे पडत नाहीत. समोरच कॉमन्स, तिथल्या गॅलरीतून कामकाज बघता येतं. पंतप्रधानांचा प्रश्नोत्तराचा तास बुधवारी दुपारी 12 ला असतो, त्याची तिकिटं हवी असतील तर आपल्या खासदाराला आधीच लिहा. ते पत्र लेकीलाच लिहू द्या. 1892 साली याच सभागृहात दादाभाई नौरोजी बसले होते, फिन्सबरी सेंट्रलमधून अवघ्या 5 मतांनी निवडून येऊन. ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते, हे मिस्टरांना जरूर सांगा. संध्याकाळी 10, किंग हेन्रीज रोडला जा. विद्यार्थी असताना 1921-22 मध्ये बाबासाहेब त्या घरात राहत होते, आणि 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं. चॉक फार्म स्टेशनला उतरलात की थोडंच चालायचं आहे. जाण्याआधी वेळ मात्र पाहून घ्या.