काराद्रासवरचं हिमवादळ कोणाचं? सॉरॉनचं, सारुमानचं की आणखी कुणाचं?

तुमचा प्रश्न असा: टॉल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये काराद्रास डोंगर ओलांडताना फ्रोडो आणि मंडळींना हिमवादळानं गाठलं, ते आणलं कुणी? मित्र म्हणतो फितूर जादूगार सारुमाननं, तुम्ही म्हणता गोष्टीतला मुख्य खलनायक सॉरॉननं, आणि दोघांची पैज लागली आहे.

पुस्तक धरायचं तर माझ्या मते दोघंही हरलात.

मित्र सिनेमा पाहून बोलतोय. २००१च्या चित्रपटात सारुमान मनोऱ्यावर उभा राहून मंत्र म्हणतो, वीज पडते, वरून बर्फ कोसळतं. शंकेला जागाच नाही. पण पुस्तकाच्या १९५४ साली आलेल्या पहिल्या खंडात या वादळाशी सारुमानचं नाव कुणी जोडतच नाही. तिथे आहे तो बर्फात कुडकुडणाऱ्या, फ्रोडोसकट नऊ जणांमधला वाद: माणसांतले बोरोमिर आणि अ‍ॅरागॉर्न, बुटका गिम्ली, एल्फ लेगोलस, जादूगार गँडाल्फ वगैरे. मला स्वतःला ती दोन-चार पानं पुढच्या मोठमोठ्या लढायांपेक्षा जास्त आवडतात.

पहिला संशय बोरोमिरला येतो. सॉरॉनचा मुलूख मॉर्डोर, त्याच्या सीमेवरच्या डोंगरांतली वादळं सॉरॉनच्या हुकमात असतात असं त्याच्या मुलखात म्हणतात, मग हेही त्याचंच काम नसेल कशावरून? गिम्लीला ते पटत नाही. शत्रू तीनशे लीगवर, म्हणजे साधारण १,४५० किलोमीटर लांब. तिथून तो उत्तरेचं बर्फ इथवर ओढून आणत असेल तर त्याचा हात भलताच लांब झाला म्हणायचा. त्यावर गँडाल्फ एवढंच म्हणतो की हात लांब झालाच आहे. तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा हाच. पण गँडाल्फ इथे ‘हो’ म्हणत नाही, नुसती शक्यता उघडी ठेवतो, हे नीट बघा.

मग रात्र चढते. वाऱ्यात किंकाळ्या आणि हसणं ऐकू येतं, कड्यावरून दगड सुटायला लागतात. बोरोमिर म्हणतो, वारा म्हणायचं त्यानं म्हणावं, पण हे आवाज अभद्र आहेत आणि दगड आपल्यावर नेम धरून येताहेत. (सिनेमात आवाज ओळखायचं काम लेगोलसकडे गेलंय.) अ‍ॅरागॉर्नचं उत्तर फार सुंदर आहे: मी याला वाराच म्हणतो, पण म्हणून तुझं म्हणणं खोटं ठरत नाही. दोन पायांवर चालणाऱ्यांचा दुस्वास करणाऱ्या कितीतरी गोष्टी जगात आहेत, त्या सॉरॉनला सामील नाहीत, आणि काही तर त्याच्याहूनही जुन्या. गिम्ली लगेच दुजोरा देतो. सॉरॉनचं नाव या भागात कुणी ऐकलंही नव्हतं तेव्हापासून या डोंगराला क्रूर म्हणतात. शेवटी गँडाल्फच वाद तोडतो: हल्ला परतवता येत नसेल तर शत्रू कोण याच्याशी काय करायचंय!

आता त्या वादळाची वागणूक बघा. मंडळी थांबली की वारा पडतो, बर्फ जवळजवळ बंद होतं. पुढे पाऊल टाकलं की पुन्हा दुप्पट जोर. दुसऱ्या दिवशी परत फिरताना कळतं की बर्फाचा सगळ्यात मोठा ढीग वळणावर, नेमका परतीच्या वाटेवर साचलाय आणि त्याच्या पलीकडे बर्फ नावापुरतं आहे. सगळे खाली उतरले की मागे दगड कोसळून वाट बुजते. तेव्हा गिम्ली ओरडतो, पुरे, पुरे, जमेल तेवढ्या लवकर निघतोय आम्ही! त्यानंतर मात्र डोंगर शांत होतो. सॉरॉनला फ्रोडोकडची जादूची अंगठी हवी होती. अंगठी घेऊन आलेल्यांना ‘चालते व्हा’ म्हणण्यात त्याचा काय फायदा?

मी सिंधुदुर्गातला. आमच्याकडे रानाला राखणदार असतो आणि काही अडलं की गाऱ्हाणं घालतात. त्यामुळे डोंगराशी असं बोलणारा गिम्ली मला कधी परका वाटला नाही.

यात आणखी एक धागा आहे. १९७७ साली आलेल्या टॉल्किनच्याच ‘सिल्मारिलियन’मध्ये म्हटलंय की काराद्रास ज्या रांगेत आहे, ती धुक्याच्या डोंगरांची रांग मेल्कोरनं उभारली. मेल्कोर म्हणजे सॉरॉनचा जुना धनी. आणि उभारली कशासाठी? ओरोमे हा देवासारखा शिकारी घोड्यावरून त्या मुलखात फिरायचा, त्याची वाट अडवण्यासाठी. म्हणजे ही रांग जन्मली तीच वाटसरूंना अडवायला. वादळाच्या पानांवर या गोष्टीचा उल्लेख नाही, जोड मी लावतोय. पण ती लावली की गिम्ली आणि अ‍ॅरागॉर्न दोघांचंही म्हणणं बसतं: खोड डोंगराची, आणि ती लावणारा सॉरॉनच्याही आधीचा.

प्रत्येक संकटामागे सॉरॉन शोधायची सवय शेलॉबपाशीही मोडते. तो त्या राक्षसी कोळिणीला आपली मांजर म्हणतो, ती त्याला मालक मानत नाही. सॉरॉनच्या बराद-दूर किल्ल्याचा पहिला दगड बसायच्या आधीपासून ती मॉर्डोरच्या सीमेवर आहे.

तुम्हाला सॉरॉनचीच बाजू लढवायची असेल तर काराद्रास सोडा आणि पुढच्या मोरिया या डोंगराखालच्या नगरीच्या दारापाशी या. तळ्यातून आलेला प्राणी एवढ्या सगळ्यांतून पहिल्यांदा फ्रोडोलाच पकडतो. गँडाल्फच्या हे लक्षात येतं, पण तो कुणाला सांगत नाही. तिथे मलाही खात्रीनं बोलता येत नाही.

पैजेचं म्हणाल तर ती लावताना पुस्तक ठरलं होतं की सिनेमा, ते आधी आठवा. सिनेमा ठरला असेल तर मित्राला पार्टी द्यावी लागेल.