रेसमधून निवृत्त झालेल्या घोड्याला सोलापूरकडे चांगलं घर कसं मिळेल?

पुण्यात रेस सोडलेला सात वर्षांचा घोडा सोलापूरकडे कुणाला द्यावा, असं तुम्ही विचारलंय. वर अट घातलीये की "वरातीचे घोडेवाले सोडून, ते फार हाल करतात." खरं सांगतो, मी लिहायला बसलो तो या अटीमुळे. आजोबांचा सोलापूर स्टेशनवर टांगा होता, वडिलांनी वराती केल्या, मी अजून करतो. आमच्यातले काही जण हाल करतात, नाही म्हणत नाही. डीजेच्या भिंतीपुढं लंगडी घोडी उभी करणाऱ्यांशी मी रस्त्यात भांडलोय. पण रेसच्या घोड्याचे सगळ्यात वाईट हाल मी पाहिले ते एका फार्महाउसवर. तिथं हिरवळ होती, पांढरं कुंपण होतं आणि घोड्याचे फोटो रोज स्टेटसला टाकणारा मालक होता.

अक्कलकोट रोडला एका शेठनी पुण्याहून फुकट घोडा आणला. कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाचा, खच्ची केलेला, पुढच्या पायाची शीर सुजून रेसमधून बाद झालेला. पुण्याचा हंगाम पावसाळ्यात आणि मुंबईचा हिवाळ्यात असतो. दोन्हीकडं धावत नाही तो घोडा तबेल्यात नुसती जागा अडवतो, म्हणून असे घोडे हंगाम संपता संपता पटकन वाटले जातात. शेठना वाटलं लॉटरी लागली. सांभाळायला गडी होता तो गायींचा. भला माणूस, पण त्याला घोड्याची माहिती शून्य.

रेसचा घोडा जन्मभर एकाच ठरीव दिनक्रमात वाढलेला असतो. पहाटे कसरत, ठरल्या वेळी ओट आणि लुसर्न म्हणजे लसूणघास, निगा राखायला हाताशी सईस, उरलेला दिवस तबेल्यातल्या बंद खोलीत. तो एकदम खुंटीला आला आणि पुढ्यात काय पडलं, तर अख्खा कडबा आणि गायींच्या पाटीतला भरडा. आपल्या मालदांडीच्या कडब्याला मी नावं ठेवत नाही, माझ्या घोड्या कडब्यावरच आहेत. पण कुट्टी करून, भिजवून, आणि लहानपणापासून सवय असलेल्या. नवीन घोड्याचा चारा निदान आठ-दहा दिवस थोडा थोडा मिसळत बदलावा लागतो. दाणा कमी करायचा तोही हळूहळू.

गड्ड्याच्या यात्रेचे दिवस होते. थंडीत घोडं पाणी कमी पितं, आणि वर कोरडा कडबा. रात्री तो जमीन उकरायला लागला, सारखा कुशीकडं बघायचा, बसायचा, लोळायचा. शेठ गावाला गेले होते. गड्यानं फोन केला तो माझ्या वडिलांना, कारण कुठल्याशा लग्नात त्यानं त्यांना घोडीचा पाय बघताना पाहिलं होतं. वडिलांनी फोनवरच सांगितलं, तोंडात काही ओतू नकोस. आपल्याकडं पोट दुखलं की बाटलीनं तेल नाहीतर सोडा पाजतात, आणि ते फुफ्फुसात जाऊन घोडं मरतं. घोड्याला उलटी होत नाही. आत गेलेलं वर येऊ शकत नाही, खाली सरकलं नाही तर आतडं फुगतं.

डॉक्टर आले, नाकातून नळी घालून लिक्विड पॅराफिन सोडलं, कळ थांबायचं इंजेक्शन दिलं. वडील रात्रभर त्याला जरा चालवत, जरा उभं करत राहिले. उजाडल्यावर लीद पडली तेव्हा डॉक्टर चहाला थांबले. शेठचा फोन आला आणि पहिला प्रश्न काय, तर "तुम्हाला बोलावलं कुणी?" बिलाचं ऐकल्यावर म्हणाले, "मग तुम्हीच घेऊन जा त्याला." वडिलांनी डॉक्टरांचे पैसे स्वतः दिले आणि घोडा आमच्या दारात आला. पुढं शेठ चारचौघांत सांगत फिरले, या वरातवाल्यांनी माझा लाखाचा घोडा फुकटात उचलला, आता डीजेपुढं नाचवतील. आमच्या गल्लीत अजूनही काही लोक तेच खरं धरतात.

म्हणून इथं लिहून ठेवतो. तो घोडा एकाही वरातीत उभा राहिला नाही. एक तर नवरदेवाला पांढरी घोडी लागते. दुसरं, फटाक्यांची लड लागली की थरोब्रेड, म्हणजे या रेसच्या जातीचा घोडा, काय करेल ते देवालाही सांगता येणार नाही. त्याची शीर बसायला वर्ष गेलं, नुसतं हातात धरून चालवणं. आता पोरं त्याच्यावर चालीत बसतात, एवढंच. एक दमडी कमावली नाही त्यानं.

तर तुमचा प्रश्न. घर बघण्याआधी माणूस बघा. त्याच्याकडं आज आणखी घोडं आहे का? एकटा घोडा झुरतो. नालबंद कोण आणि किती दिवसांनी येतो, हे विचारा. पाच-सहा आठवड्यांच्या आत येतो, असं उत्तर मिळालं तरच पुढं बोला. धनुर्वाताची लस कधी दिली होती, विचारा. गोठ्यात गायींचं तयार पशुखाद्य किंवा कोंबडीखाद्य असेल तर ते घोड्यापासून लांब राहील का, तेही बघा. काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध घालतात. गायीला ते चालतं, पण घोड्याच्या हृदयावर जातं आणि थोड्याशानं मरतो. फार्महाउसवाल्या दहा जणांना विचारा, हे किती जणांना माहीत आहे.

अकलूजच्या घोडेबाजारात नेऊ नका. तिथं मारवाडी, काठेवाडी जातीच्या घोड्यांची गिऱ्हाईकं येतात. त्यांना वळलेले कान हवेत, स्वाराला हिसके न देणारी रवाल चाल हवी, आणि अंगावरचे केसांचे भोवरे बघतात. डोळ्याखाली आसूढाळ, म्हणजे अशुभ मानलेला भोवरा, निघाला की तुमच्या घोड्यानं मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सला काय जिंकलं होतं ते कुणी विचारणार नाही. उरतं ते त्याला गावच्या शर्यतीत पळवू बघणारं गिऱ्हाईक, आणि त्याला तर अजिबात देऊ नका. वारीच्या रिंगणाला चालेल का, असंही लोक विचारतात. चारी बाजूंनी माणसं आणि मध्ये रेसचा घोडा, नको. घोडी असेल तर शिंगरांसाठी मागतील. पायानं अधू घोडीला लगेच गाभण करणारा माणूसही मला नको.

आणि फुकट देऊन हात झटकू नका. दुसऱ्या वर्षापासून धावायला लागलेला घोडा सातव्या वर्षी बाद होतो आणि नीट सांभाळला तर पंचविशी गाठतो. पाच वर्षांची बक्षिसं मालकाची आणि पुढची अठरा वर्षं सोलापूरच्या कुठल्यातरी गरिबाची, हा कुठला हिशोब? साडेचारशे किलोच्या जनावराला रोज आठ-नऊ किलो चारा लागतो, शिवाय दाणा, नाल, औषध. घोडा देताना महिन्याला काहीतरी रक्कम बांधून द्या. स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या की पुढं विकायचा नाही, शर्यतीत पळवायचा नाही, नाही जमलं तर तुमच्याकडं परत. आणि सहा महिन्यांनी न सांगता येऊन बघा. हे सगळं वरातवाल्यांपैकी एखादा कबूल करेल, आणि ज्याच्या दारात घोडी वीस वर्षांची होऊन मेलीये त्याला मी डोळे झाकून देईन.

दोन गोष्टी राहिल्या. मे महिन्यात पाठवू नका. आपल्याकडं पारा ४३ च्या वर जातो, पुण्याच्या हवेतला घोडा पोचेपर्यंतच खचतो. पावसाळा संपल्यावर आणा, आणि मधूनमधून ताप येऊन पोटाखाली सूज दिसली तर सर्रा, म्हणजे माश्या चावून होणारा रक्तातला रोग, तपासा. दुसरं, पाय कायमचा दुखरा असेल, चार पावलंही वेदनेशिवाय टाकता येत नसतील, तर घर शोधण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा की त्याला जगवावं का. तो निर्णय मालकानं पुण्यातच घ्यावा, आमच्या दारात ढकलू नये.

घोड्याबरोबर त्याचा पासपोर्ट, म्हणजे ओळखीची पुस्तिका, आणि मायक्रोचिपचा नंबर द्यायला विसरू नका. आमच्या कुमैताचा पासपोर्ट अजून शेठकडंच आहे. मागितला की म्हणतात, आधी घोड्याची किंमत द्या. शेठ, हे वाचत असाल तर डॉक्टरांच्या बिलाची पावती आमच्याकडं जपून ठेवलेली आहे. घेऊन या पासपोर्ट, हिशोब समोरासमोर करू.