नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्यात आई-बाळांना मिळणारी औषधं परदेशी मदतीतून येतात का?

बहुतांश नाही. 2011 पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतिणीला आणि आजारी तान्ह्या बाळाला औषधं मोफत मिळतात, ती आपल्याच सरकारी पैशातून. परदेशी मदत लसीकडे जास्त वळली: पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकच) लस देशात आणताना ‘गावी’ (Gavi) या लसींसाठी मदत देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा हातभार होता, युनिसेफ शीतसाखळीला, म्हणजे लसी थंड ठेवून पोहोचवण्याच्या व्यवस्थेला, मदत करतं.

खरी अडचण शेवटच्या टप्प्यात आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारं ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. खान्देशातला उन्हाळा, त्यात वीज गेली की त्याची ताकद कमी होत जाते, आणि ते बघून ओळखूही येत नाही! सातपुड्यातल्या उपकेंद्रांना मदत द्यायचीच असेल तर आधी सौरऊर्जेवरचे फ्रीज द्या. जुलाबावरच्या ओआरएस-झिंकला मात्र फ्रीज लागत नाही, ते आशाताईंकडे पावसाळ्याआधीच पोहोचलं पाहिजे.