दिल्लीच्या बागा पहिल्यांदा बघताना

आधी महिना ठरवा, बागा नंतर. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये धुरक्यामुळे चालायला नको वाटतं. फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा मध्य सगळ्यात चांगला: फुलं भरात असतात, ऊन सोसवतं आणि राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यानही बहुधा तेव्हाच उघडं असतं. तिथे प्रवेश फुकट, पण ऑनलाइन नोंदणी करून जा. सोमवारी बंद. गर्दीत पुढे सरकत राहावं लागतं, त्यामुळे रेंगाळायचा बेत असेल तर ही बाग तुमची नव्हे.

रेंगाळायला लोदी गार्डन. १९३६ मध्ये उघडलेली ही बाग १५व्या-१६व्या शतकातल्या कबरींभोवती आखली आहे. तिकीट नाही. जोरबाग मेट्रोवरून चालत या, सकाळी लवकर. बहुतेक जण बडा गुंबद आणि शीश गुंबदापाशी फोटो काढून परततात. तुम्ही उत्तरेकडे सिकंदर लोदीच्या तटबंदीतल्या कबरीपर्यंत जा, शेजारी आठपुला पूल आहे. दुर्बीण असेल तर आणाच, धनेश पक्षी दिसतात.

‘सुंदर नर्सरी’ या बागेला तिकीट आहे, आणि माझ्या मते ते वसूल होतं. हुमायूनची कबर लागूनच आहे, दोन्ही एका दिवसात होतात. तिसरी बाग मात्र त्यात कोंबू नका.